दुहेरी टेनिस: आधी ठरवा, मग उभे राहा, मग मारा

सोलापुरात सकाळी सहाला कोर्टवर येणाऱ्या बहुतेक क्लब खेळाडूंचे फटके वाईट नसतात. फोरहँड बसलेला असतो, सर्व्हिस आत पडते, लांब रॅलीही जमते. तरीही दुहेरीत सेट जातो, आणि दर वेळी त्याच कारणांनी जातो. नेटवरचा जोडीदार ट्रॅमलाइन, म्हणजे कडेचा फक्त दुहेरीत वापरला जाणारा पट्टा, राखत खांबासारखा उभा असतो. सर्व्हिस करणारा मागून एकटाच समोरच्या दोघांशी झुंजत असतो. मधून चेंडू निघून जातो आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. यात फटक्याची चूक एकही नाही. चुकतो तो क्रम. आधी चेंडू मारला जातो, मग जागा शोधली जाते, आणि बोलणं झालंच तर पॉइंट गेल्यावर होतं.

खालचे टप्पे याच क्रमाला सरळ करण्यासाठी आहेत. ज्यांना दहा-बारा फटक्यांची रॅली जमते, दोन्ही सर्व्हिस आत टाकता येतात आणि व्हॉलीची (टप्पा पडण्याआधीच चेंडू मारण्याची) भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

सुरुवातीला चार मापं

दुहेरीचं कोर्ट १०.९७ मीटर रुंद असतं. म्हणजे एकेकाच्या वाट्याला साधारण साडेपाच मीटर येतात आणि तेवढं दोन पावलांत झाकता येतं. नेट मधोमध ९१.४ सेंटिमीटर, तर खांबापाशी १.०७ मीटर उंच असतं. कोर्टची लांबी २३.७७ मीटर, पण एका कोपऱ्यातून तिरक्या कोपऱ्यापर्यंत अंतर भरतं २६ मीटरच्या थोडं वर. सर्व्हिस लाइन नेटपासून ६.४० मीटरवर.

या मापांतच निम्मी नीती आहे. तिरका चेंडू मारला तर तो खालच्या नेटवरून जातो आणि त्याला दोन मीटरहून जास्त लांबी मिळते. सरळ लाइनवर मारला तर नेट उंच आणि कोर्ट आखूड. म्हणून दुहेरीत तिरका फटका हा रोजचा, आणि लाइनवरचा फटका कारण असेल तेव्हाचा.

टप्पा १: कोण कुठल्या बाजूला

बाजू ठरवताना लोक विचारतात, ‘तुझा फोरहँड चांगला ना? मग तू उजवीकडे.’ प्रश्न चुकीचा आहे. विचारायचं हे: कुठल्या बाजूने तुझं रिटर्न, म्हणजे सर्व्हिसला दिलेलं उत्तर, दहापैकी आठ वेळा तिरकं जातं? प्रत्येकाने दोन्ही बाजूंनी वीस-वीस सर्व्हिस घ्याव्यात, जोडीदाराने मोजावं. आकडा जिकडे जास्त, ती बाजू.

आकडे जवळपास सारखे आले तर शांत डोक्याच्या खेळाडूला डावी बाजू, म्हणजे अ‍ॅड कोर्ट द्या. ४०-३०, ३०-४०, ४०-०, ०-४० आणि दोन्ही अ‍ॅडव्हांटेज हे सगळे पॉइंट डाव्या बाजूला खेळले जातात. गेम ठरवणारे पॉइंट उजवीकडे येतात ते फक्त ४०-१५ आणि १५-४० ला. शिवाय दोघं उजव्या हाताचे असतील तर डावीकडच्याचा फोरहँड आणि स्मॅश मध्यभागी येतो, त्यामुळे मधल्या चेंडूचा भारही त्याच्यावर जास्त पडतो.

एक डावखुरा असेल तर दोन्ही मांडण्या दोन-दोन सेट खेळून बघा. डावखुरा डावीकडे ठेवला तर दोघांचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात. रुंद सर्व्हिसवर फायदा होतो, पण मध्ये दोन बॅकहँड राहतात. उलट केलं तर मध्य भक्कम होतो आणि कडा उघड्या पडतात.

*लक्षात ठेवा:* रिटर्नची बाजू सेटभर बदलता येत नाही. ‘आज इकडे जमत नाहीये’ म्हणून ३-३ ला अदलाबदल करणं नियमात बसत नाही. बदल करायचा तो नव्या सेटच्या सुरुवातीला.

टप्पा २: टोक आणि सर्व्हिसचा क्रम

क्लबमध्ये हा टप्पा जवळजवळ सगळेच सोडून देतात. टेनिसमध्ये पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम गेमनंतर टोक बदलतं. दुहेरीत तुमच्या जोडीची सर्व्हिस एक गेम सोडून येते आणि दोघं आळीपाळीने करतात. कागदावर मांडून बघा: सेटचे सगळे गेम तुम्ही एकाच टोकावरून सर्व्हिस करता आणि तुमचा जोडीदार दुसऱ्या टोकावरून. टायब्रेक (६-६ नंतरचा निर्णायक गेम) तेवढा याला अपवाद. म्हणजे पहिल्यांदा चुकीचा माणूस चुकीच्या टोकावरून उभा राहिला, तर सेटभर त्याच्या डोळ्यात ऊन राहणार.

उत्तर-दक्षिण आखलेल्या कोर्टवर हिवाळ्याच्या सकाळी सूर्य आग्नेयेला असतो. दक्षिणेकडे तोंड करून सर्व्हिस करणाऱ्याला टॉस टाकताना, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर फेकताना, तोच दिसतो. वाऱ्याचंही तसंच. टॉस उंच असलेल्या खेळाडूला वारा पाठीमागून आला तर चेंडू पुढे पळतो, समोरून आला तर डोक्यावर येतो.

म्हणून नाणेफेकीआधीच दोघांनी दोन्ही टोकांवरून तीन-तीन टॉस टाकून बघा. ज्याला ज्या टोकावर त्रास कमी, त्याला ते टोक. उन्हाचा त्रास दोघांनाही सारखा होत असेल, तर कमी उंचीचा टॉस असलेल्याने वाईट टोक घ्यावं. नाणेफेक जिंकल्यावर सर्व्हिस घ्यायची की टोक, हे या उत्तरावर ठरवा. नवा सेट सुरू झाला की क्रम पुन्हा ठरवता येतो, तेव्हा ऊन कुठे सरकलं ते परत बघा.

*तपासा:* एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. तापलेला चेंडू जास्त उसळतो आणि लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू) हाताबाहेर जातो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या पहाटे, तोच चेंडू मेल्यासारखा उठतो. वॉर्म-अपमध्ये चार लॉब आणि चार सर्व्हिस मारून चेंडू आज किती उठतोय ते ठरवा, कालचा अंदाज आज वापरू नका. उन्हाळ्यात टोक बदलताना मिळणाऱ्या ९० सेकंदांत दर वेळी दीड-दोनशे मिलिलिटर पाणी प्या. तहान लागल्यावर प्यायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो, आणि दुसऱ्या सेटमध्ये सगळ्यात आधी नेटवरच्याचे पाय थांबतात.

टप्पा ३: पॉइंटआधीचं बोलणं

दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद असतात. त्यातले दहा पुरतात. सर्व्हिस करणाऱ्या जोडीने तीनच गोष्टी ठरवायच्या, याच क्रमाने:

१. सर्व्हिस कुठे: टीवर (सर्व्हिस लाइन आणि मधली रेषा मिळतात तिथे), अंगावर की रुंद (बाहेरच्या कडेला).
२. नेटवरचा काय करणार: जाणार, थांबणार की नुसती हूल देणार.
३. लॉब आला तर कोण घेणार.

रिटर्न करणाऱ्या जोडीने दोनच: रिटर्न कुठे, आणि जोडीदार पुढे उभा राहणार की मागे.

क्रम महत्त्वाचा आहे. ‘मी जातो’ असं नेटवरच्याने आधी सांगितलं आणि मग सर्व्हिस करणाऱ्याने रुंद टाकली, तर लाइन मोकळी पडते. आधी सर्व्हिसची जागा, तिच्यावरून नेटवरच्याची हालचाल.

बोलायला जाणं जमत नसेल तर पाठीमागे हाताने खुणा करा. बंद मूठ म्हणजे थांबतो, उघडा पंजा म्हणजे जातो, हलणारी बोटं म्हणजे हूल. सर्व्हिस करणाऱ्याने ‘हो’ म्हणायलाच हवं. उत्तर आलं नाही तर खूण पोचली नाही असं धरा आणि पुन्हा करा.

खेळताना ओरडायचे शब्दही आधी ठरवा. इथे एक बारीक अडचण आहे, आणि सोलापुरात ती हमखास येते. जोडीत एक घरी तेलुगू बोलणारा, दुसरा कन्नड किंवा मराठी. घाईत प्रत्येकजण आपल्या घरचा शब्द काढतो. तेलुगूत ‘नादी’ म्हणजे माझा, ‘नीदी’ म्हणजे तुझा. कन्नडमध्ये ‘नंदू’ आणि ‘निंदू’. मराठीत ‘माझा’ आणि ‘तुझा’. तिन्ही भाषांत जोडशब्द एकाच चालीचे आहेत. वाऱ्यात, पाठमोऱ्या माणसाला त्यातलं पहिलं अक्षर ऐकू येत नाही आणि उरतं ते सारखंच. म्हणून एकमेकांशी अजिबात न जुळणारे शब्द घ्या: स्वतः घेणार असाल तर ‘मी’, जोडीदाराला द्यायचा तर ‘घे रे’, बाहेर जाणारा चेंडू असेल तर ‘सोड’, बाजू बदलायची तर ‘बदल’. चारच शब्द, पण दोघांचे तेच.

*इशारा:* हे शब्द चेंडू तुमच्याकडे येत असताना. चेंडू समोरच्यांकडे चाललेला असताना मोठ्याने ओरडलात तर तो अडथळा धरला जाऊ शकतो आणि पॉइंट जातो.

टप्पा ४: सर्व्हिस

एकेरीत मध्यखुणेजवळ उभे राहता, तसं दुहेरीत राहू नका. मध्यखूण आणि दुहेरीची साइडलाइन यांच्या साधारण मध्ये, म्हणजे खुणेपासून दोन ते पावणेतीन मीटरवर उभे राहा. तिरकं येणारं रिटर्न तुमच्या बाजूला येणार आहे, तिथेच आधी असावं.

पहिली सर्व्हिस पूर्ण ताकदीने मारणं ही क्लबमधली सर्वांत महाग सवय आहे. पहिली सर्व्हिस आत गेली की रिटर्न करणारा बचावात असतो आणि नेटवरचा जोडीदार धोकादायक ठरतो. दुसऱ्या सर्व्हिसवर हेच उलटतं: रिटर्न करणारा दोन पावलं पुढे येतो आणि नेटवरच्याच्या अंगावर मारतो. म्हणून ताकद तीन चतुर्थांश ठेवा, स्लाइस (बाजूची फिरकी) किंवा टॉपस्पिन (पुढची फिरकी) द्या, आणि दहापैकी सात तरी पहिल्या सर्व्हिस आत टाका. एका सेटमध्ये दोनपेक्षा जास्त डबल फॉल्ट झाले तर वेग आणखी कमी करा. जोडीदाराला त्याचं वाईट वाटणार नाही.

सर्वाधिक सर्व्हिस टीवर किंवा अंगावर टाका. टीवरच्या सर्व्हिसवरून तीव्र कोनाचं रिटर्न काढता येत नाही, चेंडू मधूनच परत येतो आणि तिथे तुमचा जोडीदार असतो. रुंद सर्व्हिस फायद्याची असते, पण ती टाकली की जोडीदाराला लाइनकडे सरकावंच लागतं. रुंद सर्व्हिस गेममध्ये एकदा-दोनदा, न सांगता कधीच नाही.

टप्पा ५: नेटवरचा जोडीदार

क्लबमधली दुहेरी इथे जिंकली किंवा हरली जाते, म्हणून इथे जरा थांबू.

उभं राहायची जागा: सर्व्हिस बॉक्सच्या मधोमध, नेटपासून अडीच-तीन मीटर. बहुतेकजण नेटला चिकटून आणि ट्रॅमलाइनवर पाय ठेवून उभे राहतात. चिकटून उभं राहिलं की साधा लॉब डोक्यावरून जातो आणि तिरकं पुढे जायला जागाच उरत नाही. ट्रॅमलाइन राखली की कोर्टचा सगळ्यात कमी वापरला जाणारा पट्टा सांभाळला जातो आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा मध्य उघडा राहतो.

रॅकेट छातीच्या उंचीवर, टोक थोडं वर, कॉन्टिनेंटल ग्रिप (हातोडा धरावा तशी पकड). नजर पुढे. सर्व्हिस मारताना मागे वळून जोडीदाराकडे बघू नका. सर्व्हिस कुठे पडली ते रिटर्न करणाऱ्याच्या अंगावरून कळतं, आणि मागे वळलेल्या माथ्याला चेंडू लागण्याचा धोका वेगळा. सर्व्हिस तुम्हाला लागली तर ती फॉल्ट धरली जाते.

आता हालचालीची वेळ. ८० किलोमीटर वेगाने आलेलं रिटर्न सेकंदाला बावीस मीटर जातं. बेसलाइनपासून नेटपर्यंतच्या बारा मीटरला जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात दोन पावलं होतात, तिसरं नाही. म्हणून चेंडू मारला गेल्यावर निघालात तर उशीर. आणि सर्व्हिस मारताच निघालात तर रिटर्न करणारा तुम्हाला बघून लाइनवर मारतो. मधली वेळ फार लहान आहे, पण ती ओळखता येते: सर्व्हिस टप्पा घेते, रिटर्न करणाऱ्याचा खांदा वळलेला असतो, रॅकेट मागे गेलेली असते आणि त्याची नजर तुमच्यावरून सुटून चेंडूवर खाली जाते. हनुवटी खाली झुकल्याचं नेटवरून स्पष्ट दिसतं. त्या क्षणापासून चेंडू लागेपर्यंत तो तुम्हाला पाहत नसतो. तेव्हा छोटी उडी, दोन्ही पाय जमिनीवर, आणि लगेच निघा.

दिशा: नेटला समांतर नव्हे, तिरकं पुढे, मधल्या पट्ट्याकडे. समांतर पळालात तर चेंडू तुमच्यापर्यंत येताना खाली जातो आणि तो उचलून मारावा लागतो. तिरकं गेलात तर तो नेटच्या वर भेटतो.

मारायचं कुठे: समोरच्या दोघांमधल्या फटीत, किंवा रिटर्न करणाऱ्याच्या जोडीदाराच्या पायांवर. जिथून चेंडू आला तिथे परत मारू नका. रिटर्न करणारा तिथेच उभा आहे, आणि तुमची मूळ बाजू आता रिकामी आहे.

मधली रेषा ओलांडलीत की परत फिरू नका. पलीकडेच राहा, आणि सर्व्हिस करणाऱ्याने तुमची सोडलेली बाजू घ्यायची. अर्ध्यातून परत येणाऱ्या नेटवरच्यामुळे दोघंही एकाच बाजूला अडकतात आणि अर्धं कोर्ट मोकळं पडतं. गेला तर पूर्ण गेला, नाहीतर गेलाच नाही.

किती वेळा जायचं? प्रत्येक सर्व्हिस गेममध्ये किमान दोनदा, आणि एकदा तरी हूल: एक पाऊल मध्यभागी टाकून परत. यात एक-दोनदा चेंडू लाइनवरून जाणारच. जोडीदाराने तेव्हा ‘अरे लाइन!’ म्हणून ओरडू नये. सेटमध्ये लाइनवर दोन पॉइंट गेले आणि त्या भीतीने समोरच्याने चार रिटर्न नेटमध्ये किंवा बाहेर मारली, तर हिशेब तुमच्या बाजूने आहे. उलट सबंध सेटमध्ये एकदाही लाइनवरून पॉइंट गेला नाही, तर तुम्ही पुरेसे सरकतच नाही आहात.

*तपासा:* सर्व्हिस टीवर गेली तर अर्धा मीटर मध्याकडे. रुंद गेली तर अर्धा मीटर लाइनकडे. न ठरवताही हे दर वेळी व्हायला हवं.

टप्पा ६: रिटर्न आणि त्याचा जोडीदार

रिटर्नला एकच पहिलं काम: नेटवरच्याला चेंडू देऊ नका. तिरकं, नेटच्या वर एखाद-दीड हात, सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाशी. तो पुढे येत असेल तर चेंडू खाली आणि हळू. मागेच थांबत असेल तर खोल. आखूड स्विंग, सर्व्हिसचाच वेग वापरा. इथे जोरात मारून पॉइंट जिंकायचा मोह अनेक चांगल्या खेळाडूंना नडतो.

बदल म्हणून दोन फटके ठेवा. सामन्याच्या पहिल्या दोन रिटर्न गेममध्येच एक रिटर्न मुद्दाम लाइनवर मारा, गेलं बाहेर तरी चालेल. नेटवरच्याच्या मनात ते सेटभर राहतं. आणि तो नेटला चिकटत असेल तर त्याच्या बॅकहँडच्या खांद्यावरून लॉब.

रिटर्न करणाऱ्याच्या जोडीदाराने सर्व्हिस लाइनवर, बॉक्सच्या मध्ये उभं राहायचं. आधी सर्व्हिस लाइन बघून कॉल द्यायचा, मग लगेच नजर समोरच्या नेटवरच्याकडे. चेंडूकडे नाही, आपल्या जोडीदाराकडे तर नाहीच. तो नेटवरचा हलला तर तुम्ही तिथेच खाली बसून पाय रोवा, कारण चेंडू तुमच्या पायाशी येणार आहे. रिटर्न त्याला ओलांडून गेलं तर दोन-तीन पावलं पुढे या. आता तुम्ही हल्ला करणारे. प्रत्येक रिटर्नवर हे पुढे-मागे व्हायलाच हवं.

समोरचा नेटवरचा तुमची रिटर्न सतत खात असेल तर दोघंही बेसलाइनवर या. यात कमीपणा काही नाही. त्याचं आवडतं लक्ष्य, म्हणजे सर्व्हिस लाइनवर उभे असलेल्या तुमचे पाय, तुम्ही काढून घेता आणि त्याला एका व्हॉलीत पॉइंट मिळणं बंद होतं.

टप्पा ७: दोघांमधली दोरी

दोघांच्या कमरेला तीन-साडेतीन मीटरची दोरी बांधली आहे असं समजा. एक डावीकडे ओढला गेला की दुसऱ्यानेही सरकायचं. चेंडू समोरच्यांच्या कोर्टात ज्या बाजूला, त्या बाजूला दोघंही. त्या बाजूचा लाइन झाकतो, दुसरा मध्य. उरतो तो पलीकडचा तीव्र कोन. तो मुद्दाम मोकळा सोडा. तो फटका सगळ्यात अवघड आहे आणि क्लबमध्ये दहापैकी सात-आठ वेळा बाहेर जातो.

मधला चेंडू कोणाचा, याचा निर्णय चेंडू येण्याआधी झालेला असावा. मारणाऱ्याच्या तिरक्या समोर जो उभा आहे त्याचा, कारण चेंडू त्याच्याकडे येतोय. दोघंही नेटवर असतील आणि गोंधळ असेल तर जो नेटच्या जवळ त्याचा. फोरहँड कोणाचा, हे त्यानंतर बघायचं.

कुठे मारायचं यासाठी एकच कसोटी: चेंडू नेटच्या खाली भेटला की वर? खाली भेटला तर लांबच्या माणसाकडे, खोल. वर भेटला तर जवळच्या माणसाच्या पायांवर किंवा दोघांच्या फटीत. खालचा चेंडू जवळच्याकडे मारला की तो वर उठतो आणि समोरचा तुमच्याच अंगावर स्मॅश मारतो. क्लबमध्ये नेटवरच्या माणसाला लागणारे बहुतेक चेंडू जोडीदाराच्या अशाच एका फटक्यामुळे लागतात. समोरचे दोघंही नेटवर असतील तर मध्ये, खाली. दोघंही मागे असतील तर आधी मध्ये खोल आणि मग आखूड कोन; पहिल्याच व्हॉलीला कोन काढू नका.

टप्पा ८: लॉब

डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला आधी नेटवरच्याचा हक्क. सर्व्हिस लाइनच्या पुढे पडणार असेल तर ‘मी’ म्हणून त्याने मागे सरकत मारायचा. सरकताना उलटं धावू नका, अंग बाजूला वळवून पाय टाका. उलटं धावताना पडून मनगट मोडतं. सर्व्हिस लाइनच्या मागे जाणार असेल तर ‘घे रे’. मागचा तिरका धावतो, नेटवरचा त्याच वेळी ‘बदल’ म्हणत दुसऱ्या बाजूला जातो आणि सर्व्हिस लाइनपर्यंत मागे येतो. नेटवरच थांबलात तर पुढचा स्मॅश तुमच्या अंगावर.

धावत जाऊन घेतलेला लॉब लॉबनेच परत करा, उंच आणि मधोमध. ऊन डोक्यावर असेल आणि चेंडू नीट दिसत नसेल तर टप्पा घेऊ द्या.

टप्पा ९: रचना बदलणं

समोरच्याचं तिरकं रिटर्न थांबतच नसेल तेव्हाच हे वापरा. ऑस्ट्रेलियन रचनेत जोडीदार सर्व्हिस करणाऱ्याच्याच बाजूला उभा राहतो, सर्व्हिस करणारा मध्यखुणेजवळून टाकतो आणि लगेच मोकळ्या बाजूला पळतो. रिटर्न करणाऱ्याला लाइनवर, उंच नेटवरून मारावं लागतं. आय रचनेत जोडीदार मधल्या रेषेवर नेटच्या उंचीखाली वाकून बसतो आणि आधी ठरलेल्या बाजूला उठतो. यात सर्व्हिस टीवरच पाहिजे. डोकं नेटच्या वर राहिलं तर तुमच्याच सर्व्हिसचा मार लागेल.

दोन्ही रचना सरावात वीस-वीस पॉइंट खेळल्याशिवाय सामन्यात नकोत.

कुमठा नाक्याच्या जिल्हा क्रीडा संकुलात महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. अशी स्पर्धा भरेल तेव्हा दुहेरीचा एखादा सामना फक्त नेटवरच्या खेळाडूकडे बघत पाहा, चेंडू सोडून द्या. हनुवटी आणि पावलांचा वर सांगितलेला मेळ तिथे डोळ्यांनी दिसतो.

टप्पा १०: आठवड्याचा सराव

क्लबमध्ये सराव म्हणजे सामनेच. सवय त्याने बदलत नाही, कारण स्कोर सुरू झाला की माणूस जुन्या जागी जाऊन उभा राहतो. आठवड्यातून दोनदा, सामन्याआधी चाळीस मिनिटं अशी द्या:

पहिली दहा मिनिटं, दोघं तिरके, अर्ध्या कोर्टात फक्त तिरका खेळ. ट्रॅमलाइन धरून. ११ पॉइंटपर्यंत.

पुढची पंधरा मिनिटं, सर्व्हिस करणाऱ्याच्या जोडीदाराने प्रत्येक पॉइंटला जायचंच. थांबायची परवानगी नाही. लाइनवर पॉइंट जातील, जाऊ द्या. इथे फक्त वेळ शिकायची आहे.

पुढची दहा, एका बाजूने लॉब, दुसऱ्या बाजूने ‘मी’, ‘घे रे’, ‘बदल’. शब्द न उच्चारता घेतलेला चेंडू कितीही चांगला मारला तरी पॉइंट समोरच्यांना.

शेवटची पाच, टायब्रेक. पहिला सर्व्हर एक पॉइंट टाकतो, नंतर प्रत्येकजण दोन-दोन, आणि दर सहा पॉइंटला टोक बदल. क्रम विसरला जातो तो इथेच, म्हणून चारही जणांची नावं क्रमाने मोठ्याने म्हणून मगच पहिला चेंडू टाका.

बाहेर बसलेल्या कोणालाही एक कागद द्या आणि दोनच गोष्टी मोजायला सांगा: नेटवरचा किती वेळा मधली रेषा ओलांडून गेला, आणि मधून किती चेंडू कोणाचाही हात न लागता गेले. तीन आठवड्यांनी पहिला आकडा वर आणि दुसरा खाली गेला नसेल, तर टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करा. अडचण बहुधा पायांत नसून पॉइंटआधीच्या त्या दहा सेकंदांत असते.